हमी आणि कसोटी

(जुबिलीनिमित्त भरलेल्या पॅरिशच्या सभेंत केलेलें भाषण)



जुबिलीच्या सभेंत देवळाच्या इतिहासाचें स्मरण व्हावें, दात्यांचे आभार मानले जावेत, हें रीतीस धरूनच आहे. आणि तें काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं आज उत्तम प्रकारें पार पाडलें आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय थोडा रुक्ष, हिशेबाचा आहे. तथापि तो आपल्या रोजच्या बोलण्यांतला आहे. शेतकऱ्याचें कर्ज माफ झालें, किंवा एखाद्या निराधार विधवेस दरमहा कांहीं रक्कम मिळूं लागली, कीं आपल्यांतलीं चांगलीं, दयाळू माणसेंहि म्हणतात, "लोकांना फुकट खाण्याची संवय लागेल." त्याच माणसांच्या कानीं असें आलें, कीं एक बुडती पेढी किंवा बुडता कारखाना सरकारनें सांवरून धरला, तर तीं सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतात, "बरें झालें, देशाची पत राहिली." दोन्ही ठिकाणीं पैसा एकाच तिजोरींतून गेला. मग एका ठिकाणीं त्यास भीक म्हणावें आणि दुसऱ्या ठिकाणीं पत म्हणावें, हें कोणत्या न्यायानें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या भागांतून कामधंद्यासाठीं मुंबईस जाणारा मनुष्य ज्या लोहमार्गानें रोज येतो जातो, त्या लोहमार्गाच्या जन्मकथेंतच या प्रश्नाचें बीज आहे. म्हणून तेथूनच आरंभ करणें बरें. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें शाळेंतलें मूलहि सांगेल. विरारहून मुंबईस पहिली गाडी 12 एप्रिल 1867 रोजीं सुटली, हें आपल्याकडे अभिमानानें सांगितलें जातें. परंतु त्या गाड्या ज्या करारांवर धांवल्या, ते करार फारसे कोणी वाचीत नाहीं. ते वाचण्यासारखे आहेत.

17 ऑगस्ट 1849 रोजीं ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी यांच्यामध्यें पहिला करार झाला. त्याचा मथितार्थ असा. रेल्वे कंपनीनें विलायतेंत भागधारकांकडून भांडवल उभारावें; तें सरकारांत जमा झालें, कीं त्यावर शेंकडा 5 प्रमाणें व्याज सुरू व्हावें. गाडी चालो वा न चालो, नफा होवो वा तोटा होवो, हें व्याज हिंदुस्थानच्या महसुलांतून चुकतें व्हावें. मार्गासाठीं लागणारी जमीन सरकारनें 99 वर्षें फुकट द्यावी. नफा 5 टक्क्यांच्या वर गेला, तर वरच्या रकमेंत कंपनीचा हिस्सा असावा. आणि हा धंदा आपणांस परवडत नाहीं असें कंपनीस वाटलें, तर सहा महिन्यांची सूचना देऊन तिनें सगळा मार्ग सरकारच्या गळ्यांत घालावा व आपलें भांडवल परत घेऊन मोकळें व्हावें. त्या काळीं इंग्लंडच्या सरकारी रोख्यांवर शेंकडा 3 च्या आसपास व्याज मिळत असे. म्हणजे जोखीम सरकारी रोख्याइतकीच, आणि प्राप्ति मात्र साहसी व्यापाऱ्याची! आपल्या वसईंतल्या केळीच्या बागाइतदारास असा करार कोणी देऊं केला असता, तर त्यानें तो देवदूतानेंच आणला असें समजून देवळांत मेणबत्ती लावली असती.

पुढें बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनी, जिचा मार्ग आपल्या दारावरून गेला, तिलाहि 5 टक्क्यांचीच हमी मिळाली. अशा हमीचा परिणाम काय व्हावयाचा, तें सांगण्यास अर्थशास्त्र नको. घर बांधणाऱ्या गवंड्यास जर सांगितलें, कीं जितका खर्च जास्त तितकें तुझें व्याज जास्त, तर तो भिंत पातळ कशाला बांधील? विल्यम मॅसी नांवाचे गृहस्थ हिंदुस्थान सरकारचे खजिन्याचे मंत्री होते. त्यांनीं 1872 सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना स्पष्टच सांगितलें, कीं विलायतच्या भांडवलवाल्यास एकदां 5 टक्के मिळण्याची खात्री झाली, म्हणजे त्याचा पैसा हुगळी नदींत फेंकला काय किंवा त्याच्या विटा आणि चुना झाला काय, त्यास दोन्ही सारखेंच. व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांनींहि 1869 सालीं असाच निर्वाळा दिला होता, कीं नफा असेल तो सारा कंपन्यांचा आणि तोटा असेल तो सारा सरकारचा. हे दोघेहि कांहीं रेल्वेचे वैरी नव्हते, किंवा हिंदी प्रजेचे पुढारीहि नव्हते. हिशेब ज्यांच्या हातीं होता, त्यांचीच ही साक्ष आहे. रमेशचंद्र दत्त यांनीं या सर्व व्यवहाराची जी बेरीज मांडली, तींत 1900 सालापर्यंत हिंदुस्थानच्या करदात्यास सुमारें 4 कोटी पौंडांचा तोटा आल्याचें दाखविलें आहे.

येथें कोणी म्हणेल, हमी दिली नसती तर भांडवल आलें नसतें, आणि भांडवल आलें नसतें तर आज आपण अजून बैलगाडींतून आणि पडावांतून मुंबईस गेलों असतों. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. लोहमार्ग उपयोगाचा झाला, हें आम्ही मनापासून मान्य करतों. दुष्काळांत त्याच मार्गानें सोलापुराकडे धान्य गेलें. कोणास सांवरूं नये, असें आमचें म्हणणेंच नाहीं. सांवरतांना कोणास काय विचारलें, तें मात्र पाहूं या. लंडनच्या भागधारकास कोणी विचारलें नाहीं, कीं तूं खरोखर गरजू आहेस काय. तुझ्या घरांत आणखी कोणी मिळवतें आहे काय. हें व्याज मिळाल्यावर तूं आळशी तर होणार नाहींस ना?

हे प्रश्न दुसऱ्याच कोणाला विचारले गेले. आतां ती हकीकत ऐका.

1876 सालीं दक्षिणेंत पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणें, सातारा, विजापुराकडील मुलूख, सगळीकडे पिकें करपलीं. मुंबई सरकारनें आरंभीं गांवांच्या जवळपास कामें काढून लोकांस मजुरी दिली. इतक्यांत 1877 च्या जानेवारींत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं खर्चावर नजर ठेवण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल यांस पाठविलें. या टेंपलसाहेबांची कथा मोठी विलक्षण आहे. तीनच वर्षांपूर्वी, 1874 सालीं, बिहारांत दुष्काळ पडला असतां त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून लोकांस मुक्तहस्तें वांटला होता, आणि भुकेनें माणसें जवळजवळ मरूं दिलीं नव्हतीं. याबद्दल त्यांस शाबासकी मिळावयाची. पण मिळाली ती उधळेपणाची निंदा. विलायतेंतल्या वृत्तपत्रांनीं त्यांस धारेवर धरलें. माणसें वांचविलीं हा त्यांच्यावर ठेवलेला दोष होता, असें म्हटलें तरी चालेल. मग त्याच टेंपलसाहेबांनीं दक्षिणेंत येऊन आपण आतां काटकसरी झालों आहों, हें जगास दाखवून दिलें.

त्यांनीं मजुरी उतरविली. पुरुषास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. स्त्रीस वर अर्धाच आणा. पौंड म्हणजे आपला अर्धा शेरसुद्धां धड नाहीं. आणि एवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची, माती वाहावयाची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं ताबडतोब हरकत घेतली, कीं कष्ट करणाऱ्या माणसाचा देह एवढ्या अन्नावर टिकणार नाहीं. पण खरी गोष्ट मजुरीची नसून कसोटीची होती. सरकारास भीति अशी, कीं मजुरी पोटापुरती दिली तर गरज नसलेलेहि लोक कामावर येतील. म्हणून दोन कसोट्या ठरल्या. पहिली अंतराची: काम घराजवळ देऊं नये, दहा दहा मैलांवरच्या मोठ्या कामावर मनुष्यानें घरदार, गुरेंढोरें सोडून जावें, तेव्हांच तो खरा भुकेला. दुसरी श्रमाची: त्याच्याकडून पुरेपूर काम करून घ्यावें, म्हणजे ढोंगी असेल तो आपोआप पळून जाईल. भुकेल्या माणसास भूक सिद्ध करण्यासाठीं आणखी उपाशी ठेवणारी ही युक्ति ज्याच्या डोक्यांतून निघाली, तो मनुष्य क्रूर असेलच असें नाहीं. त्यानें फक्त एका वर्गास जन्मतः संशयित आणि दुसऱ्या वर्गास जन्मतः सभ्य मानलें होतें. 

लोकांनीं काय केलें? हजारों मजूर कामावरून उठून गेले. उपाशी माणसांनीं केलेला हा संप आपल्या इतिहासांत एकटाच असावा. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली आणि सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. त्या अर्जांची भाषा नम्र आहे. परंतु तींत दाखवून दिलें आहे, कीं लोक कामाला भीत नाहींत, अर्धपोटीं काम करून मरण्याला भितात. 1880 च्या दुष्काळ-आयोगानें ब्रिटिश मुलखांतल्या बळींची जी संख्या धरली, ती अर्ध्या कोटीहून अधिक होती. आणि दौंडहून मनमाडास जाणारा जो लोहमार्ग, त्याचें मातीकाम या दुष्काळी मजुरांच्याच हातचें आहे. शिर्डीस वा नगरास जातांना आपली गाडी ज्या भरावावरून जाते, त्याची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य ठरली होती, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां दोन्ही चित्रें शेजारीं ठेवा. 1877 सालीं सोलापूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याचें पौंडभर धान्य हें राज्याच्या तिजोरीस न झेपणारें ओझें ठरलें. त्याच सालीं त्याच तिजोरींतून लंडनला जाणारें व्याज मात्र बिनबोभाट गेलें, कारण तें करारानें बांधलेलें होतें. शेतकऱ्याशीं कोणी करार केला नव्हता. एकास हमी, दुसऱ्यास कसोटी. संत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील त्या चाकराचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे, ज्यास धन्यानें दहा हजार तालांतांचें कर्ज सोडून दिलें आणि ज्यानें बाहेर पडतांच शंभर दीनारांसाठीं आपल्या सोबत्याचा गळा धरला. प्रवचनांत या दाखल्याचा अर्थ अंतःकरणाच्या क्षमेविषयीं लावतात, आणि तो योग्यच आहे. परंतु प्रभूनें दाखल्यासाठीं निवडली ती गोष्ट कर्जाची आहे, आणि त्या कर्जांच्या आंकड्यांतील जमीनअस्मानाचें अंतर त्यानें उगीच सांगितलेलें नाहीं.

ही हमी गरिबाच्या वांट्यास कधींच आली नाहीं काय? आली, आणि ती आपल्याच महाराष्ट्रांत प्रथम आली, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो. 1972 सालीं पुन्हां तसाच दुष्काळ पडला. 1973 च्या मे महिन्यांत राज्यांतल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसें होतीं. त्या वेळीं विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं जी योजना पूर्वीच आपल्या मनाशीं रचून लहान प्रमाणांत करून पाहिली होती, तिला रोजगार हमी योजना हें नांव मिळालें. तिचा कायदा 1977 सालीं झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमलांत आला. काम मागणाऱ्या प्रौढ मनुष्यास काम देणें हें सरकारचें कर्तव्य, आणि तें ठराविक मुदतींत दिलें नाहीं तर भत्ता देणें भाग. 'हमी' हा शब्द, जो 1849 सालीं लंडनच्या भागधारकासाठीं वापरला गेला, तो सवाशें वर्षांनीं सोलापुरच्या मजुराच्या वांट्यास आला. 2005 सालीं याच धर्तीवर सबंध देशासाठीं कायदा झाला. त्यांत काम गांवापासून 5 किलोमीटरांच्या आंत द्यावें, त्याहून दूर दिलें तर मजुरी शेंकडा 10 जास्त द्यावी, असें लिहिलें गेलें. टेंपलसाहेबांची दहा मैलांची कसोटी त्या एका कलमानें उलटी झाली.

पण कसोटी ही मोठी चिवट वस्तु आहे. दारांतून घालविली, तर ती खिडकींतून येते. 1 जानेवारी 2023 पासून या कामावरच्या मजुरांची हजेरी दिवसांतून दोनदां, जागेच्या खुणेसह छायाचित्र काढून, भ्रमणध्वनीवरून पाठविण्याची सक्ति झाली. जेथें तारायंत्राची लहर पोंचत नाहीं, तेथें मजुरानें केलेलें काम सरकारच्या लेखीं झालेलेंच नाहीं! मजुरी उशीरा मिळाली तर भरपाई ठरली होती, ती दिवसाला शेंकडा 0.05; आणि तीहि दिल्लीकडून झालेल्या उशीरासाठीं हिशेबांत धरली जात नसे, म्हणून 2018 च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयास कान उघाडणी करावी लागली. निराधारांच्या योजनेंत महाराष्ट्रांत दरमहा मिळणारी रक्कम 2023 सालीं 1,500 रुपये झाली. तिच्यासाठीं कुटुंबाचें उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांच्या आंत असल्याचा दाखला आणावा लागे, आणि शिवाय दरसाल हयातीचा दाखला. म्हाताऱ्या बाईनें आपण गरीब आहों, आणि तशांतहि अजून मेलों नाहीं, हें वर्षांतून एकदां सिद्ध करावयाचें. 2017 सालीं पुणतांब्याच्या शेतकऱ्यांपासून सुरू झालेल्या संपानंतर महाराष्ट्र सरकारनें दीड लाखांपर्यंतच्या कर्जाची माफी जाहीर केली, तेव्हां अर्ज यंत्रावरून भरावयाचा, त्यांत नवराबायको दोघांची माहिती द्यावयाची, आणि कित्येक ठिकाणीं अंगठ्याचा ठसा उमटेपर्यंत रांगेंत उभें राहावयाचें. कुणब्याच्या अंगठ्याच्या रेषा नांगरानें झिजलेल्या असतात, ही गोष्ट यंत्र बनविणाऱ्यास कोणी सांगितली नसावी.

दाखले मागूंच नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. सार्वजनिक पैसा आहे, चोरी होते. 2008 च्या देशव्यापी शेतीकर्जमाफींत अपात्र माणसांस लाभ झाला आणि पात्र माणसें वगळलीं गेलीं, हें महालेखापालांनीं 2013 सालीं दाखवून दिलें. आपल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासदहि मदत देण्यापूर्वी घरीं जाऊन चौकशी करतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ते घरीं जातात. गरिबास दहा मैल चालवीत नाहींत.

आतां मोठ्या घराकडे वळूं. सरकारनें 2023 सालीं लोकसभेस जें उत्तर दिलें, त्याप्रमाणें 2014-15 पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनीं 14.56 लाख कोटी रुपयांचीं कर्जें वहींतून उतरविलीं; त्यांपैकीं मोठे उद्योग व सेवा यांचीं सुमारें 7.41 लाख कोटींचीं. येथें शब्दाचा घोंटाळा होऊं नये म्हणून खुलासा करतों. वहींतून उतरविणें म्हणजे कर्ज माफ करणें नव्हे. वर्षानुवर्षें थकलेलें कर्ज येणें म्हणून दाखवीत राहिल्यास बँकेचा ताळेबंद खोटा ठरतो. म्हणून तें येण्यांतून काढतात, आणि कर्जदाराचें देणें मात्र कायम राहतें. हें खरें आहे, आणि या व्यवहारास सरसकट माफी म्हणणारे चुकतात. पण पुढचा आंकडाहि त्याच उत्तरांतला आहे: अशा उतरविलेल्या सर्व कर्जांपैकीं त्या मुदतींत वसूल झाले सुमारें 2.05 लाख कोटी. सातांत एक! उरलेलें भोंक कशानें बुजलें? कांहीं बँकांच्या नफ्यानें, म्हणजे ठेवीदारास कमी आणि कर्जदारास जास्त व्याज लावून. आणि कांहीं सरकारच्या तिजोरीनें. 2016-17 पासून 2020-21 पर्यंतच्या पांच वर्षांत सरकारी बँकांत सुमारें 3.11 लाख कोटी रुपयांचें नवें भांडवल सरकारनें घातलें. महाराष्ट्रानें 2017 सालीं आपल्या शेतकऱ्यांसाठीं जाहीर केलेली रक्कम 34,022 कोटी होती. तेवढ्यावर वृत्तपत्रांतून महिनोगणती चर्चा झाली, कीं यानें कर्ज फेडण्याची नीति बुडेल. 3.11 लाख कोटींच्या वेळीं नीतीची काळजी कोणास फारशी वाटलेली आम्हांस आढळली नाहीं.

बँका सांवरणें योग्यच होतें; तेथें आपल्याच ठेवी होत्या. पण सांवरण्यांतहि लहानमोठा भेद कसा होतो, तें आपल्यांतल्या कांहीं कुटुंबांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. 23 सप्टेंबर 2019 रोजीं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ठेव कितीहि असो, सहा महिन्यांत 1,000 रुपयेच काढावयाचे! मर्यादा हळूहळू वाढली, पण बँकेचा प्रश्न सुटला 25 जानेवारी 2022 रोजीं, दुसऱ्या बँकेंत विलीन होऊन. आणि 5 लाखांवरच्या ठेवी तर वर्षांच्या हप्त्यांनीं मिळावयाच्या. 5 मार्च 2020 रोजीं येस बँकेवर निर्बंध आले. तेथें मर्यादा पहिल्याच दिवशीं 50,000 ची होती. स्टेट बँकेनें 6,050 कोटी घातले, इतर मोठ्या बँकांसहि पुढें आणलें, आणि 18 मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस आणि अठ्ठावीस महिने! कारण सांगतात तें असें, कीं येस बँक मोठी, ती पडती तर इतरांस घेऊन पडती. कारण खरें असेल. परंतु त्याचा अर्थ असा होतो, कीं संकटांत मदत मिळण्यास गरजू असणें पुरेसें नाहीं. दुसऱ्यास बुडविण्याइतकें मोठें असावें लागतें. रिक्षावाल्याची आणि मास्तरीणबाईची पुंजी कोणास घेऊन बुडत नाहीं, एकटीच बुडते. आपल्या वडिलांनीं 1918 सालीं वसईंत कॅथलिक सहकारी बँक स्थापिली. सहकारी पेढीचें तत्त्वच असें, कीं ठेव ठेवणारा आणि कर्ज घेणारा एकमेकांस ओळखतात, आणि जामीन राहणारा आपलें घर डोळ्यांपुढें ठेवून सही करतो. कोट्यवधींच्या कर्जावर अशी सही कितीजण करतात?

पवित्र सभेनें या विषयावर मौन धरलेलें नाहीं. पोप तेरावे लिओ यांनीं 1891 सालीं मजुरांच्या स्थितीवर परिपत्रक काढलें, त्यांत असा विचार मांडला, कीं धनवानास स्वतःचें संरक्षण करण्याचीं साधनें असतात, गरिबास तीं नसतात. म्हणून राज्यानें गरिबाकडे विशेष पाहावें. आणि पोप फ्रान्सिस यांनीं 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत, वाटेल ती किंमत देऊन बँका वांचविणें, ती किंमत जनतेकडून वसूल करणें आणि व्यवस्था मात्र तशीच ठेवणें, या प्रकारावर नांव घेऊन बोट ठेवलें आहे.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. जे प्रश्न निराधार बाईस विचारले जातात, तेच बुडत्या कारखान्याच्या मालकासहि विचारले जावेत: तुमच्या घरांत आणखी उत्पन्न कोणाचें, मागच्या मदतीचें काय केलेंत, दरसाल दाखला कोण देणार? आणि जो विश्वास मालकावर टाकला जातो, त्याचा एक अंश तरी त्या बाईच्या वांट्यास यावा. दोहोंपैकीं एक तरी झालें, तर टेंपलसाहेब आणि मॅसीसाहेब यांच्या काळापासून आपण थोडे पुढें आलों, असें म्हणतां येईल.

आणखी एक गोष्ट, विशेषतः नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींसाठीं. गरिबांसाठीं आमच्या पगारांतून पैसे कापतात, अशी तक्रार आम्ही पुष्कळदां ऐकतों. तुमच्या पगाराच्या कागदावर 'व्यवसायकर' नांवाची एक ओळ असते. तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. हा कर महाराष्ट्रानें 1975 सालीं रोजगार हमीच्या खर्चासाठींच बसविला, आणि शहरांतल्या पगारदारानें खेड्यांतल्या मजुराच्या हमीस हातभार लावावा, ही कल्पना त्या वेळीं विधिमंडळांत सर्व पक्षांस पटली. तो वर्षाला जास्तींत जास्त 2,500 रुपये आहे: अकरा महिने 200 प्रमाणें, आणि फेब्रुवारींत 300.